परिपाठ, झेंडा आणि सतरा सप्टेंबर : वाचकांचे प्रश्न

ऑगस्ट-सप्टेंबर हे मराठवाड्यातल्या शाळांचे झेंड्याचे महिने. पंधरा ऑगस्टची रांगोळी पुसली जाते न जाते तोच सतरा सप्टेंबरची, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची, तयारी सुरू होते. या वेळी आलेल्या पत्रांत दोरीच्या गाठीपासून न्यायालयाच्या निकालापर्यंत सगळे काही आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

गेल्या १७ सप्टेंबरला दोरी ओढली तरी झेंडा उघडलाच नाही. तीन-चार हिसके दिले, शेवटी सगळा गुंडाळा खाली उतरवावा लागला. गावकरी अजून बोलतात. असे का होते?
— एक मुख्याध्यापक, हिंगोली जिल्हा

सप्टेंबरात आपल्याकडे पावसाची सर कधी येईल याचा नेम नसतो. सुती दोरी रात्रभर बाहेर राहिली की फुगते, आणि फुगलेल्या दोरीची सुरगाठ पहिल्या हिसक्यातच निरगाठ होऊन बसते. त्यात दोरी तिरकी ओढली की गाठ सुटण्याऐवजी आवळते. तुमच्याकडे बहुधा हेच झाले.

दोरी नायलॉनची, करंगळीपेक्षा थोडी बारीक घ्या आणि समारंभाच्या दिवशी सकाळीच खांबाला चढवा. वरची पुली आदल्या दिवशी तेल देऊन फिरवून पाहा. गंजलेली पुली झेंडा अर्ध्यावर अडकवते. आता घडी. झेंडा टेबलावर आडवा पसरा, लांबीत दोनदा दुमडा, मग हिरव्या-केशरी पट्ट्यांच्या मोकळ्या टोकाकडून दोरीच्या बाजूकडे गुंडाळत या. दोरीची दोन्ही टोके बाहेर राहिली पाहिजेत. खालच्या दोरीचे गुंडाळ्याभोवती फक्त दोन वेढे द्या आणि तिसऱ्या वेळी दोरी दुहेरी करून तिचा फासा आत खोचा. तीन-चार वेढे देणे ही सगळ्यात मोठी चूक. ‘वाऱ्याने सुटू नये’ म्हणून वेढे वाढवतात आणि मग ते सुटतच नाहीत. पाकळ्या घालायला ध्वजसंहितेची हरकत नाही, पण अर्धी ओंजळ पुरे, आणि त्याही कोरड्या. ओल्या झेंडूचा डाग खादीवरून जात नाही.

झेंडा उलटा लागण्याचे कारणही याच घडीत आहे. गुंडाळल्यावर केशरी टोक कोणते ते दिसत नाही आणि सकाळच्या घाईत दोऱ्यांची अदलाबदल होते. वरच्या दोरीला आदल्या रात्रीच केशरी दोरा बांधून ठेवा. रंगीत तालीम त्याच झेंड्याने, त्याच दोरीने आणि जो शिक्षक उद्या गाठ मारणार आहे त्याच्याच हातून करा. उघडताना खांबाला चिकटून उभे राहायचे आणि दोरी सरळ खाली, एकाच दमात ओढायची.

आमच्या वर्गातली एक मुलगी राष्ट्रगीताला सावधानमध्ये उभी राहते, पण गात नाही. घरच्यांची धार्मिक श्रद्धा असे सांगते. ‘दाखला हातात द्या’ म्हणून काही पालक मागे लागले आहेत. शाळेने काय करावे?
— वर्गशिक्षिका, परभणी जिल्हा

दाखला देऊ नका. तसा अधिकारच शाळेला नाही.

हा प्रश्न देशात एकदा पुरता लढवला गेला आहे. केरळमध्ये जुलै १९८५ मध्ये यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढले. बिजो दहावीत, बिनूमोल नववीत आणि धाकटी बिंदू पाचवीत होती. तिघेही राष्ट्रगीताला रोज आदराने उभे राहत, फक्त गात नसत. राज्याने नेमलेल्या आयोगाने मुले कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अनादर केलेला नाही, असा अहवाल दिला होता. तरीही वरून आदेश आला आणि मुख्याध्यापिकेने नावे कमी केली. केरळ उच्च न्यायालयात मुले हरली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. कायदा राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करत नाही, आदराने उभे राहणे हा अनादर नव्हे, आणि गप्प राहण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येतो, असा त्याचा गाभा आहे.

पालक १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायद्याचे नाव घेतील. त्यातले कलम ३ त्यांच्यापुढे मोठ्याने वाचा. राष्ट्रगीत गाण्यापासून जो मुद्दाम अडवतो किंवा ते गाणाऱ्या सभेत जो गोंधळ घालतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. न गाणाऱ्याबद्दल त्यात काही नाही. संविधानाचे कलम ५१अ राष्ट्रगीताचा ‘आदर’ हे कर्तव्य सांगते, आणि तुमची विद्यार्थिनी उभी राहून तो करतेच आहे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला काढून टाकायला मनाई करते, तर कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला. परिपाठात तिला वेगळे उभे करणे, सर्वांसमोर ‘का गात नाहीस’ विचारणे, हेही छळातच मोडते.

पालकांशी बोलणे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत करा, परिपाठाच्या मैदानावर नको. बैठकीचे इतिवृत्त लिहून ठेवा. आणि त्या मुलीला तिच्या नेहमीच्या जागीच, मैत्रिणींच्या ओळीत उभी राहू द्या.

‘वंदे मातरम्’वरून आपल्याकडेही विद्यार्थ्यांना काढले होते असे आजोबा सांगतात. खरे आहे का? मग आज त्याच गीताला विरोध का होतो?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

आजोबा खरे सांगतात, आणि ही घटना तुमच्याच शहरातली आहे. १९३८ च्या शेवटी औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. निजाम सरकारने बंदी घातली. मुलांनी गाणे सोडले नाही, तेव्हा त्यांना वसतिगृहातून आणि वर्गातून काढले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. तेव्हाच्या संस्थानी शाळांत निजामाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना म्हणवून घेतली जात होती, हे लक्षात घेतले की त्या मुलांनी काय पणाला लावले होते ते कळते.

विरोधाचा धागा वेगळा आहे आणि तोही जुना आहे. बंकिमचंद्रांचे गीत १८७५ चे. ते ‘आनंदमठ’ या कादंबरीत आले, आणि त्याच्या पुढच्या कडव्यांत देशमातेला दुर्गेच्या रूपात वंदन आहे. एकेश्वरवादी मुसलमानांनी या कडव्यांना हरकत घेतली. १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने म्हणूनच पहिली दोन कडवीच सभेत म्हणावीत असे ठरवले. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या स्थानामुळे ‘वंदे मातरम्’ला समान मान, असे निवेदन केले. ठराव मांडून मतदान झाले नाही. तेव्हापासून वाद दर पिढीत उगवतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शाळांत आठवड्यातून एकदा ते म्हणायला सांगितले, पण योग्य कारण असलेल्यावर सक्ती नको हेही त्याच निकालात लिहिले.

औरंगाबादेत गायले म्हणून काढले, केरळात गायले नाही म्हणून काढले. दोन्ही वेळा नाव कमी झाले ते वर्गातल्या पोराचे. हे दोन्ही दाखले एकाच तासात शिकवावेत असे आम्हांला मनापासून वाटते. एकच शिकवला की मुले अर्धाच इतिहास घेऊन घरी जातात. किती कडवी म्हणायची, कधी म्हणायची, यासाठी मात्र शासनाचे सर्वांत ताजे परिपत्रक पाहावे.

प्रतिज्ञेच्या वेळी उजवा हात समोर ताठ धरायचा की नाही? आमच्या केंद्रात दोन शाळांत दोन पद्धती आहेत. आणि प्रतिज्ञा लिहिली कोणी?
— क्रीडाशिक्षक, लातूर जिल्हा

लेखक पैदिमर्री वेंकट सुब्बाराव. तेलुगू लेखक, गाव नलगोंडा जिल्ह्यातले, म्हणजे आपल्यासारखेच निजामाच्या मुलखातले. १९६२ मध्ये चीन युद्धाच्या दिवसांत विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी असताना त्यांनी ती तेलुगूत लिहिली. १९६४ मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या बेंगळुरूच्या बैठकीत, एम. सी. छागला अध्यक्ष असताना, ती देशभर घ्यावी असे ठरले आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती शाळांत आली. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला प्रतिज्ञा छापली जात राहिली, लेखकाचे नाव मात्र वर्षानुवर्षे छापले गेले नाही. निदान सूचनाफलकावर तरी ते लिहा.

आता हात. ध्वजसंहितेच्या शाळांविषयीच्या भागात प्रतिज्ञेच्या वेळी सावधान स्थिती सांगितली आहे, मुख्याध्यापक सांगतील आणि सभा मागून म्हणेल, अशी. त्याच भागात ध्वजाप्रती निष्ठेचे एक वाक्य आहे, ते हात जोडून म्हणायचे आहे. हात समोर ताणायला तिथे कुठेही सांगितलेले नाही. ही लकब कवायतीतून आली आणि रुळली. अमेरिकेतही फ्रान्सिस बेलामी यांच्या १८९२ च्या प्रतिज्ञेला मुले झेंड्याकडे असाच हात ताणत. जर्मनीतल्या नाझी सलामीशी साम्य दिसू लागले तेव्हा १९४२ मध्ये त्यांनी कायद्याने तो खाली आणून छातीवर ठेवला. आपल्या ध्वजसंहितेतले ते निष्ठेचे वाक्यही अमेरिकी प्रतिज्ञेच्या घडणीचे आहे. केंद्रात एकच पद्धत ठेवायची तर सावधान ठेवा. पहिलीची पोरे हात ताणून पाऊण मिनिट उभी राहत नाहीत, समोरच्याच्या खांद्यावर टेकवतात आणि ओळ डुलते.

पंधरा ऑगस्टला दरवर्षी दोन-तीन मुली चक्कर येऊन पडतात. उपाय?
— पालक, बीड जिल्हा

गुडघे ताठ करून बराच वेळ उभे राहिले की रक्त पायांत साचते, मेंदूकडे कमी जाते आणि मूल कोसळते. त्यात प्रभातफेरीसाठी सहालाच घर सोडलेले, पोटात काही नाही. प्रभातफेरीच्या आधी प्रत्येकाला केळे किंवा गूळ-शेंगदाणे आणि पेलाभर पाणी द्या. सावधान फक्त झेंडा उघडल्यापासून प्रतिज्ञा संपेपर्यंत. भाषणे सगळी बसून, सावलीत. मुलांना सांगा की सावधानमध्येही गुडघे किंचित सैल ठेवायचे आणि बुटातल्या बुटात बोटे हलवत राहायची. जांभया, घाम, डोळ्यांपुढे अंधारी अशी चिन्हे दिसली तर मुलाने तिथल्या तिथे खाली बसावे, कोणी रागावणार नाही, हे आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा. पडलेच तर आडवे ठेवून पाय उंच करा, भोवतीची गर्दी हटवा, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. चाकाच्या खुर्चीतल्या किंवा पायाने अधू असलेल्या मुलाने बसूनच मान द्यावा.

मुक्तिसंग्राम दिनाला मुलांना नेमके काय सांगावे? एका बाजूचे सांगितले की दुसरी बाजू नाराज होते. तेलंगणात तर या दिवसाचे नावच वेगळे आहे म्हणतात.
— इतिहासाच्या शिक्षिका, धाराशिव जिल्हा

तारखांपासून सुरू करा, त्यांवर वाद नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबाद संस्थानात तिरंगा लावायला बंदी होती, आणि तो फडकावणारे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. संस्थानाचे १६ जिल्हे. त्यांत मराठवाड्याचे पाच होते, औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने युद्धविरामाची घोषणा केली, १८ ला त्याचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती दिली. म्हणून काही पुस्तकांत १७ तर काहींत १८ दिसते. मुलाने विचारले तर गोंधळू नका.

मग माणसे सांगा. तुमच्या जिल्ह्यातली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी, जिथे स्वामीजी शिकवत होते. नांदेड जिल्ह्यातले हुतात्मा गोविंदराव पानसरे. भारतात विलीन व्हावे असे ‘इमरोज’ या दैनिकातून लिहिणारे तरुण संपादक शोएबुल्ला खान, ज्यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत मारले. हे शेवटचे नाव गाळू नका. लढा धर्मांचा नव्हता, जनतेचा राजसत्तेशी होता, हे या एका नावाने आठवीच्या मुलालाही कळते.

आणि पुढचे पानही उलटा. लष्करी कारवाईदरम्यान आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने, काटकसरीने धरूनही, २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल दशकानुदशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचा जुलूम सांगा, कारण तो झाला. हेही सांगा, कारण तेही झाले. तुमच्याच वर्गातल्या दोन मुलांच्या घरांत या दिवसांच्या दोन आठवणी असू शकतात. पाचवीच्या खाली आकडे नकोत, आठवीपासून पुढे जरूर.

नावाचे म्हणाल तर खरेच तीन राज्यांत तीन तऱ्हा आहेत. आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात २०२२ मध्ये राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले आणि त्याच दिवशी केंद्राने तिथेच हैदराबाद मुक्ती दिन साजरा केला. २०२४ मध्ये नव्या राज्य सरकारने ‘प्रजा पालन’ दिन असे नाव दिले. मुक्ती, विलीनीकरण, एकात्मता या तिन्ही शब्दांत कोणाचे श्रेय मोठे ठरते आणि कोणाचे लहान, हा नववी-दहावीसाठी उत्तम चर्चेचा तास होईल. फळ्यावर तिन्ही शब्द लिहा आणि मुलांना बोलू द्या.

संविधानाच्या उद्देशिकेतले ‘समाजवादी, धर्मनिरपेक्ष’ हे शब्द मूळचे नाहीत, ते गाळून वाचा, असा एका पालकाचा आग्रह आहे.
— मुख्याध्यापिका, जालना जिल्हा

पालकाची माहिती बरोबर आहे, मागणी चूक. हे शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. त्यांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळले. पाठ्यपुस्तकात छापलेला मजकूर हाच आजचा मजकूर, तो जसाच्या तसा वाचायचा.

मुलांची खरी अडचण दुसरीच आहे. ‘स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’ हे ‘सोताप्रत’ होते आणि अर्थ हरवतो. आपणच आपल्याला हे संविधान दिले, राजाने नाही की इंग्रजांनी नाही, एवढे एकदा समजावले की उच्चार आपोआप सुधारतो. परिपाठात थर वाढत गेले आहेत, हेही ध्यानात घ्या. राष्ट्रगीत १९५० चे, प्रतिज्ञा १९६५ ची, उद्देशिकेचे वाचन २०१३ च्या आदेशाने आणि पुन्हा २०२० च्या २६ जानेवारीपासून, राज्यगीत २०२३ पासून. राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचे, राज्यगीत १ मिनिट ४१ सेकंदांचे. रोज सगळे घाईत उरकण्यापेक्षा सुविचार-दिनविशेष आटोपशीर करा आणि पूर्ण परिपाठ पंधरा मिनिटांत बसवा. राष्ट्रगीत ६० सेकंदांच्या पुढे जात असेल तर सुरुवातच फार संथ होते आहे. एका मुलीला घड्याळ देऊन आठवडाभर नोंद ठेवा.

शाळेच्या कपाटात फाटके, विटलेले सहा झेंडे आहेत. टाकवत नाहीत आणि ठेववतही नाहीत.
— शिपाई, नांदेड जिल्हा

लावण्यायोग्य न राहिलेला झेंडा तुकडे न करता, संपूर्ण, खाजगीरीत्या नष्ट करावा, शक्यतो जाळून, असे ध्वजसंहिता सांगते. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, जडवस्तू नोंदवहीत सहाही झेंडे कमी केल्याची नोंद करून घ्या. शाळा सुटल्यावर, मुले नसताना, स्वच्छ जागी, घडी घालून एकेक जाळा. राख झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळा. कागदी झेंडे समारंभानंतर मैदानात पडू देऊ नका, त्याच सकाळी गोळा करून त्यांचेही असेच करा. नवा घेताना लांबी-रुंदी ३ः२ आहे ना, चक्राचे २४ आरे आहेत ना, ते पाहा. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून पॉलिस्टरचा आणि यंत्रावर विणलेलाही चालतो, पण तुम्ही नांदेडकर आहात. देशात मानकाप्रमाणे खादीचे झेंडे तयार करणाऱ्या मोजक्या ठिकाणांत तुमच्या शहरातली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, आणि त्याचे कापड उदगीरला विणले जाते. तिथूनच आणा. पावती घेऊन नोंदवहीत नव्या झेंड्याची तारीख लिहा, म्हणजे पुढच्या वेळी किती वर्षे टिकला ते कळेल.